दोनशे मिलिसेकंद

सुकलाल म्हणाला, बेंजोच्या मागे कोणीतरी पाहिजे, ताई.
वरात स्टेशन रोडला वळली की शटरांवरून सूर परत येतो,
पुढे मोकळ्यावर गेलं की येतच नाही.
तसा परत येणारा करून दे. दोन्ही पेट्यांतून,
आधी डावीकडे, मग उजवीकडे.
मोबाइलमधला नको. तो गेला तसाच येतो,
इस्त्री करून.

दोंडाईच्यात मिरची वाळत पडली असली
की सोल्डरच्या धुराला कोणी नावं ठेवत नाही.
मंडपवाल्याच्या भंगार इको मशीनमधून दोन आयसी काढल्या.
तिसरी कुरियरने मागवली :
वरचं नाव घासून नवं छापलेलं,
आत काहीच नाही, नुसते पाय.

आयसीत चार हजार शहाण्णव घरं.
घड्याळाचा ठोका पडला की भरलेलं घर
पुढच्या रिकाम्या घरात ओततं.
हे कळायला मला पुस्तक लागलं नाही.
मी तिसरीत होते, जिनिंगला आग लागली,
विहिरीपासून गठाणींपर्यंत माणसं उभी राहिली,
माणसं जागच्या जागी आणि बादली चालत गेली.
माझ्या अलीकडे गेंदामावशी, पलीकडे तारमास्तर.
प्रत्येक हाताशी थोडं सांडायचं.
आगीपाशी पोचेतो अर्धी बादली, तीही गढूळ.

सुकलालला हेच हवं होतं. त्याला हा शब्द माहीत नव्हता, इतकंच :
गढूळ.

आधी दोघींना वेगवेगळी घड्याळं दिली.
दोन ठोके एकमेकांत अडकले आणि शिट्टी सुरू झाली,
बारीक, डासासारखी, तार सोडली तरी न सुटणारी.
तीन रात्री फिल्टरचे कपॅसिटर बदलत बसले.
चौथ्या रात्री लाइट गेली.
अंधारात, घामात, हात रिकामे असताना सुचलं :
घड्याळ एकच ठेव.
पहिलीचं पाणी दुसरीत सोड.
पहिलीच्या तोंडाशी डावी पेटी, दुसरीच्या तोंडाशी उजवी,
उरलेलं एका पॉटमधून परत विहिरीत.
पॉट जास्त फिरला तर आवाज स्वतःलाच ऐकत सुटतो,
ओरडतो, थांबत नाही;
पहाटे दोनला चक्कीवाले दार वाजवून गेले.
तिथे नेलपॉलिशची लाल रेघ मारली.

दोनशे मिलिसेकंद डावीकडे,
चारशे उजवीकडे,
सहाशे पुन्हा डावीकडे.

अण्णांना स्टुलावर बसवलं, दोन्ही पेट्यांच्या मधोमध.
बावीस वर्षं लग्नांत भोंगे लावले त्यांनी,
टेम्पोत, ड्रायव्हरच्या पाठीमागे,
मोठा भोंगा कायम डाव्या हाताला.
सुकलालनं एक तार छेडली.
अण्णांनी मान हलवली. थांबले. पुन्हा हलवली.
“एक येस,” म्हणाले. “मंग मझार कोनीच नही. मंग परत येस.
बरं शे. तेले घाई नही.”

सुकलालनं माझ्याकडे पाहिलं.
जेवायला ते नेहमी भिंतीला डावा खांदा लावून का बसतात,
हे मी कधी विचारलं नव्हतं.
मी डावीकडून हाक मारली की उशिरा वळायचे.
मला वाटायचं, वय.

रात्री बोर्डाला आणखी एक भोक पाडलं, नकाशात नसलेलं,
आणि जुन्या रेडिओचं पितळी बटण बसवलं.
खाली केलं की डावीकडचंही उजवीत येतं.
बाकी सगळ्या बटणांखाली नावं लिहिली,
त्याच्याखाली नाही.
सुकलाल विचारेल तेव्हा सांगेन, भोक चुकून पडलं.

सकाळी अण्णा आले, चहा घेऊन उभ्यानंच.
मी बटण खाली केलं, एक तार छेडली.
एक, मग दुसरा, मग तिसरा, प्रत्येक जरा जास्त मळलेला.
ते काही बोलले नाहीत.
कप ठेवला, उजव्या पेटीवर तळवा टेकवला,
सूर विरून गेला तरी काढला नाही.

“अर्थिंग ढिलं शे,” म्हणाले. “हातले लागस.”

खरंच ढिलं होतं.
पाव फेरा.